कर्जतला गाडी का थांबते?

मुंबई-पुणे ये-जा करणारी ओळखीची माणसं मला हमखास एक प्रश्न विचारतात. "तुमच्या कर्जतला असं आहे तरी काय, की डेक्कन क्वीनसुद्धा थांबते?" विचारण्यात थोडी थट्टा असते. गावात ना मोठा कारखाना, ना प्रसिद्ध देवस्थान, आणि डब्याच्या दारातून दिसतो तो फलाट आणि मागचा डोंगर. तुम्हीही परवा तेच विचारलंत, म्हणून एकदाचं नीट सांगते. (अहिल्यानगर जिल्ह्यातलं कर्जत वेगळं. माझं रायगडातलं, मुंबईहून रेल्वेने बरोबर १०० किलोमीटरवरचं.)

खरं उत्तर असं की गाडी आमच्यासाठी थांबत नाही. पुढे बोरघाट आहे, म्हणून थांबते. लोणावळ्यापर्यंतच्या २८ किलोमीटरमध्ये सह्याद्री चढायचा, आणि जिथे चढ सर्वांत कडक तिथे दर ३७ मीटरमागे एक मीटर वर जायचं. रस्त्यावरच्या गाडीला हे काहीच नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्याची पकड ती केवढी! पुढचं इंजिन एकटं ओढू शकत नाही, म्हणून कर्जतला मागून आणखी इंजिनं जोडतात. त्यांना म्हणायचं बँकर. ती ढकलत ढकलत गाडी लोणावळ्याला पोचवतात, तिथे सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी परत खाली येतात. पुढच्या आणि मागच्या चालकाला एकमेकांचं तोंड दिसत नाही. कधी जोर लावायचा, कधी थांबायचं हे शिट्टीच्या खुणांनी ठरायचं. लहानपणी आम्हा मुलांना त्या शिट्ट्यांतला फरक कळायचा आणि तो न कळणारा पाहुणा आम्हाला जरा कच्चा वाटायचा.

उतरताना धोका वेगळा. घाटात ठिकठिकाणी एक जादा रूळ मुद्दाम डोंगराच्या अंगावर चढवून ठेवला आहे आणि रूळ बदलणारा सांधा एरवी त्याच बाजूला लावलेला असतो. गाडी आधी थांबून ब्रेक शाबूत असल्याचं दाखवते, मगच तिला खरा रस्ता मिळतो. बेलगाम सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन थांबावी, अशी योजना. विश्वास नंतर, संशय आधी. घाटाच्या बाबतीत मला हेच योग्य वाटतं.

हा मार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याआधीची काही वर्षं गंमतीची होती. रूळ पळसदरीवरून खोपोलीपर्यंत १८५६ मध्ये गेले, वर खंडाळा ते पुणे १८५८ मध्ये जोडलं गेलं, आणि मधला घाट मात्र तसाच. म्हणजे खोपोलीला उतरायचं, पालखीत नाहीतर तट्टावर बसून खंडाळा गाठायचा आणि तिथून पुन्हा आगगाडी. घाटाचा आराखडा मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचा. काम अर्ध्यावर असताना १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल हे नवे कंत्राटदार विलायतेहून आले आणि काही आठवड्यांतच आजाराने वारले. कंत्राट त्यांच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल यांनी, स्वतःकडे घेतलं आणि हाताखालच्या अभियंत्यांकडून पुरं करून घेतलं. त्या काळात एका विधवेच्या नावावर सह्याद्री फोडण्याचं काम! तिचं नाव निदान सापडतं. पटकीने आणि सुरुंगांनी जे हजारो मजूर गेले, त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत.

इथपर्यंत सांगितलं की लोक म्हणतात, "म्हणजे रेल्वेचं गाव." अर्धंच बरोबर. जो डोंगर गाडीला अडवतो, तोच ढगालाही अडवतो. म्हणून हे आधी भाताचं गाव आहे. इथे भातावर संशोधन करणारं केंद्र १९१९ पासून आहे. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. कर्जत १८४, कर्जत ३, कर्जत ७ ही वाणं इथलीच, आणि १९९८ मधलं सह्याद्री हे संकरित भातही. कोकणात कुठल्याही बियाण्याच्या दुकानात "कर्जत तीन द्या" म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फलाट येत नाही, लोंबी येते. डेक्कन क्वीनपेक्षा मला या ओळखीचा जास्त अभिमान आहे.

शेतीत मोठं काही गूढ नाही, कष्ट आहेत. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा, पाऊस लागला की चिखलणी आणि लावणी, वरकस म्हणजे हलक्या जमिनीत हळवं (लवकर पिकणारं), खोल खाचरात गरवं (उशिरा पिकणारं). कापणी झाली की उरलेल्या ओलीवर वाल. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की त्या मडक्यात भरून, मडकं शेतात उपडं घालून भाजायच्या, म्हणजे पोपटी लावायची, हे मी पुण्यातल्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या पुढचा शनिवार-रविवार ठरवूनच टाकतात.

पण उन्हाळ्यात गाडीतून जाताना भिवपुरीच्या आसपास हिरवंगार भात दिसलं, तर ते पावसावरचं नाही. घाटमाथ्यावर मावळात आंध्रा नदी आहे. तिचं पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत पूर्वेच्या समुद्राला जाणारं. टाटांनी तिला ठोकरवाडीला धरण बांधून अडवलं आणि पाणी पश्चिमेकडे कड्यावरून नळांतून खाली सोडलं. भिवपुरीचं वीजकेंद्र १९२२ चं. वीज करून मोकळं झालेलं पाणी राजनाला या कालव्यातून शेतांत जातं. कालवा पोचतो तिथवरचा शेतकरी दुबार भात घेतो, पलीकडचा डिसेंबरनंतर वाल आणि मजुरी. एकाच तालुक्यात सुख कुठवर आलं ते नकाशा न बघता, नुसत्या रंगावरून कळतं.

या विजेच्या तारांशी आमचं आणखी एक नातं आहे. १९४२ मध्ये भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने, म्हणजे भूमिगत क्रांतिकारकांच्या तुकडीने, मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. कोतवाल माथेरानचे, नाभिक घरातले, शिकून वकील झालेले. सावकाराच्या दारात जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी त्यांनी आधी धान्याची कोठी काढली होती, मनोरे नंतरचे. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. कर्जतमध्ये काय आहे असं विचारणाऱ्यांना मी खरं तर इथून सुरुवात करायला हवी, पण त्यांना वड्याचंच ऐकायचं असतं.

तर वडा. इंजिनं जोडायला लागतात ती थोडी मिनिटं, तेवढ्यात सबंध गाडीला बटाटावडा विकायचा, हा आमचा धंदा. दिवाडकरांचा वडा त्यातूनच नावाला आला. चव उत्तम आहे, पण निम्मी चव घाईची आहे असं माझं मत. तोच वडा घरी बसून खाल्ला की मला तितका लागत नाही. फलाटाबाहेरचा बाजार मला जास्त आवडतो. ठाकर आणि कातकरी बायका करवंदं, जांभळं घेऊन बसतात, आणि पावसाच्या तोंडावर शेवळं ही रानभाजी. शेवळं घेणाऱ्याला त्या बरोबर काकडंही देतात, कारण त्या आंबट फळाशिवाय ही भाजी घसा खाजवते. नवखा माणूस "हे फुकटचं कशाला?" म्हणून काकडं परत करतो. त्याला समजवायला त्या बायका कंटाळत नाहीत.

आता गाडीला आमची गरज कमी होत चालली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली सोलापूरची वंदे भारत बँकर न लावता घाट चढते. तिच्या डब्यांखालीच जागोजागी मोटारी आहेत, त्यामुळे मागून ढकलावं लागत नाही, आणि कर्जत तिचा थांबा नाही. तंत्र म्हणून मला ते आवडलं. उद्या सगळ्याच गाड्या तशा झाल्या तर वडे तळणाऱ्यांचं काय, याचा विचार मात्र कुठल्याच वेळापत्रकात नसतो.

इकडे पनवेलकडून लोकलचा नवा मार्ग आखला गेला आणि जमिनी तापल्या. भाताच्या खाचरांना कुंपणं पडली, आत लॉन आणि पोहण्याचा तलाव. बांध फुटला की वरच्या खाचरातलं पाणी खाली कसं जायचं, हे बंगला बांधणाऱ्याला ठाऊक नसतं. विकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. लावणीला मजूर मिळत नाही, भाताचा भाव खर्चाला पुरत नाही, आणि मुलगा रोज ठाण्याला नोकरीला जातो. पण राजनाल्याखालची दुबार जमीन आणि वरकस माळ एकाच दराने मोजायची, हा अडाणीपणा आहे, मग तो कितीही शिकलेल्या माणसाने केलेला असो.

म्हणूनच हल्ली प्रश्नही बदलला आहे. "गाडी का थांबते" असं विचारणारे कमी होताहेत; "तुमच्याकडे गुंठ्याचा काय भाव चाललाय?" असं विचारणारे वाढलेत. त्याचं उत्तर मी देत नाही. आमच्या खाचरात यंदा कर्जत सात लावायचंय.