दोन डाव पिठी

मी सिंधुदुर्गात एका संस्थेत काम करते, बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींची तयारी करून घ्यायचं काम. १८ पूर्ण झाली की बालगृह सुटतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात पुढच्या मदतीची, म्हणजे अनुरक्षणाची सोय आहे, साधारण २१ व्या वर्षापर्यंत, पण आज ना उद्या भाड्याची रूम आणि स्वतःची शेगडी येतेच. लोकांना वाटतं या पोरांचा मोठा प्रश्न नोकरीचा असणार. नोकरी मिळते हो, मालवणला हॉटेलं आहेत, गोवा जवळ आहे आणि पोरं कामाला चिवट असतात. अडतं ते संध्याकाळी रूमवर आल्यावर.

कारण यातल्या बऱ्याच जणांनी स्वयंपाकघर आतून बघितलेलंच नसतं. मोठमोठे टोप, उकळतं पाणी, मोठ्या शेगड्या, म्हणून मुलांना आत सोडत नाहीत. त्यामागे काळजीच असते, मी कोणाला नावं ठेवत नाही. पण होतं काय, की घरातलं पोर आईच्या पायात घुटमळत जे आपोआप शिकतं, मोहरी तडतडली की मग लसूण, दूध वर यायला लागलं की गॅस बारीक, तांदूळ कमी आहे तर आज पेज करूया, ते यांच्यापर्यंत पोचतच नाही आणि मग १९ व्या वर्षी विचारायची लाज वाटते.

तर अशाच काही जणांना स्वयंपाक शिकवत होते, त्या दिवशीचं सांगते. जुलै महिना, पाऊस नुसता कोसळत होता. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, त्यामुळे बाजारात ताजी मासळी नावालाच. प्रत्येकाला १५० रुपये दिले होते आणि सांगितलं होतं, आजचं रात्रीचं जेवण आणि उद्या सकाळची पेज, स्वतःपुरतं, काय आणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. एका मुलीने सुके बांगडे आणले, एकीने अंडी, एकाने मॅगी आणि वेफर्स (त्याला काही बोलले नाही, उद्या सकाळी पेजेला काय ते त्यालाच कळणार होतं). आणि एक जण, अगदी कमी बोलणारा, तो उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, लसूण, मिरच्या आणि आमसुलं घेऊन आला. वर पैसे उरवून आणले.

सुरुवातीला अर्धा तास गॅसच. ते मी कधीच सोडत नाही. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साठतो, म्हणून वास आला की आधी रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडायच्या, आणि कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, चालू असलेला पंखा बंद करायलासुद्धा नाही. बाहेर येऊन १९०६ ला फोन. पाइप जोडला की साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं, काडी लावून नाही. आणि रूमचा करार नाही, पत्त्याचा पुरावा नाही म्हणून काळ्या बाजारातून भरलेली टाकी घेऊ नका, ५ किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. हे ऐकून दोघींनी लगेच वहीत लिहून घेतलं. एक मुलगी लायटरला घाबरत होती, आधी गॅस सोडायची आणि मग लायटर शोधायची, तिच्याकडून आधी ठिणगी मग बटण असं पुन्हा पुन्हा करून घेतलं, शेवटी पेटवून ती स्वतःच हसली.

मग त्या मुलाकडे वळले तर त्याने सगळ्यात मोठा टोप काढलेला, अर्धाअधिक पाण्याने भरलेला, आणि पिठाची पिशवी कापून निम्मं पीठ त्यात ओतायच्या बेतात.

म्हटलं, "अरे, जेवायला किती जण आहेत?"

"मीच, ताई."

"मग एवढं?"

तो टोपाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "एकट्याक किती लागता?"

वाटी-चमच्याचं माप सांगणार होते, तेवढ्यात आठवलं की बालगृहात वाढप याच्याकडे असायचं. इतकी वर्षं पंगतीला डाव घेऊन हाच फिरायचा, शेवटच्या ताटापर्यंत आमटी पुरवायची हे त्याला डोळे मिटून जमतं. म्हणून विचारलं, तू स्वतःला पिठी, म्हणजे ही कुळथाच्या पिठाची आमटी, किती डाव घेशील? लगेच उत्तर आलं, दोन. म्हटलं मग दोन डाव पाणी मोज, उकळून आटेल म्हणून वर अर्धा. त्याने लहान पातेलं घेतलं, डावाने पाणी मोजून घातलं, आणि त्या पातेल्यात ते इतकुसं दिसलं की त्याचा विश्वासच बसेना. तांदळाचंही तसंच. ताटात दोन डाव भात हवा तर कच्चा साधारण एक डाव, शिजून फुगतो. सकाळच्या पेजेला मात्र मूठभर पुरे आणि पाणी भरपूर, उकडा तांदूळ रात्रीच भिजत टाक म्हणजे गॅस कमी जळेल. मला माप शिकवावंच लागलं नाही, ते त्याच्याकडे होतंच, फक्त इतरांना वाढण्यापुरतं होतं.

पिठी छान जमत होती. पीठ थंड पाण्यात कालवून घेतलं, गुठळ्या बोटाने मोडल्या, लसूण लाल झाल्यावर मिरची, मग कालवलेलं पीठ त्यात सोडून ढवळत राहिला, शेवटी आमसुलं. म्हटलं आता मीठ बघ. तो हात आखडून उभा. मग हळूच, "चाखलंय तर चालात?"

पंगतीत वाढणाऱ्याने चाखलं की ते उष्टं, ओरडा बसणार, हे त्याच्या अंगात मुरलेलं. मी सांगितलं, हे तुझंच आहे, हातावर थेंब घे आणि बघ. त्याने घेतलं, चाखलं, आणि विचारलं, "बरा आसा काय ता मी कसा सांगू? माका मीठ किती आवाडता ता माका खंय म्हायत?"

ही नोकरी करताना मी बरंच ऐकलंय, पण त्याला पटकन उत्तर देता आलं नाही. एवढ्या मुलांचं जेवण एकाच टोपात होणार, तिथे प्रत्येकाची आवड कोण विचारणार, हे समजतं मला. तरी एकोणीस वर्षांत या मुलाला एकदाही कोणी 'मीठ पुरे का रे' म्हणून विचारलं नव्हतं, आणि याचा मला राग आला, अजूनही येतो. मी एवढंच म्हटलं, चिमूटभर घाल, चाख, कमी वाटलं तर अजून चिमूटभर. त्याने तसंच केलं, तीनदा. शेवटी माझ्या चवीला जरा खारटच झाली होती पण तो म्हणाला, "आता बरी." मी त्यात लुडबूड केली नाही. दोन डाव पिठी, भात, पातेलं पुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मी हे बालगृहाबरोबरच्या मीटिंगमध्ये मांडलं. १९ व्या वर्षी सुरू करून काय उपयोग, १५-१६ वर्षांच्या मुलांना रविवारी दोघा-दोघांना किचनमध्ये घ्या, मोठ्या टोपांपासून लांब, बाजूला एक छोटी शेगडी लावा, दोन माणसांचं काहीतरी करू दे आणि त्यांनाच खाऊ दे. भाजलं-बिजलं तर जबाबदार कोण, यावर खूप वेळ गेला आणि तो प्रश्न खोटा नाही, म्हणून एक मोठं माणूस सतत तिथेच उभं राहणार असं ठरलं. स्वयंपाकाच्या काकी आधी तयार नव्हत्या, पण चाखण्याची गोष्ट ऐकून म्हणाल्या, मीच उभी राहीन. त्यांची अट एकच, केस बांधलेले हवेत आणि ओढणी खांद्यावर लोंबती नको. पहिल्या रविवारी कांदेपोहे.