काचेची खोली, लोखंडाचा हिशेब

एक चौरस मीटर काचेचं वजन जाडीच्या दर मिलिमीटरमागे अडीच किलो भरतं. घराच्या मागे काचेची खोली काढायचं ठरल्यावर मी पाठ केलेला हा पहिला आकडा. छपराला दुहेरी काच घ्यायची होती: वर 6 मिलिमीटरची टफन्ड (तापवून कणखर केलेली), खाली 4 अधिक 4 ची लॅमिनेटेड (दोन काचा मधल्या थराने चिकटवलेल्या), म्हणजे फुटली तरी तुकडे डोक्यावर पडायचे नाहीत. एकूण 14 मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला 35 किलो. 4 बाय 3 मीटरच्या छपरावर नुसती काचच 420 किलो. शिवाय चौकटी, वारा आणि काच पुसायला कधीतरी वर चढणारा माणूस. जिथे बर्फ पडतो तिथे त्याचं ओझं आणखी वेगळं.

चौकटी विकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी "आमचं सेक्शन (म्हणजे चौकटीची पट्टी) मजबूत आहे, वेगळं लोखंड कशाला?" असंच सांगितलं. लहान खोलीला ते चालतही असेल. पण अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश ताठ, आणि यूपीव्हीसी, म्हणजे चौकटींचं कडक प्लास्टिक, तर त्याहून कितीतरी मऊ. आम्हाला समोरची अख्खी बाजू घडीच्या दरवाजांनी उघडी करायची होती, म्हणजे 4 मीटरमध्ये मधे एकही खांब नको. मग स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठल्या.

बाईंनी काचेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी घराची मागची भिंत पाहिली, कारण तिथली खिडकी काढून रुंद वाट पाडायची होती. घर आरसीसी फ्रेमचं असेल तर भिंत नुसती भरणीची असते आणि काम सोपं. आमचं घर भारवाही विटांचं, म्हणजे भिंतीच भार पेलतात, आणि वरचा स्लॅब नेमका त्याच भिंतीवर टेकलेला. भिंत ठोकून आवाजावरून हे कळतं असं सांगणारे लोक भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. स्लॅब कुठल्या दिशेने टेकलाय, वरच्या मजल्यावर बरोबर त्याच रेषेत भिंत आहे का, हे मोजून बघावं लागतं.

नव्या वाटेवर पोलादी आय-सेक्शन, म्हणजे इंग्रजी I च्या आकाराची तुळई, बसवायचं ठरलं. वाटेच्या वर पुरेसं वीटकाम असेल तर विटा आपसात कमान धरतात आणि तुळईवर साधारण त्रिकोणाएवढ्याच भिंतीचा भार येतो. आमच्याकडे मात्र स्लॅब त्या त्रिकोणाच्या आतच येत होता, त्यामुळे त्याचाही भार धरावा लागला. तुळईची टोकं दोन्ही बाजूंना किमान 150 मिलिमीटर आत, आणि थेट विटांवर नाही तर काँक्रीटच्या ठोकळ्यांवर. पोलादाचा सगळा दाब एवढ्याशा जागेवर आला तर वीट चुरा होते.

तोडण्याआधी भिंतीतून आडव्या छोट्या तुळया आरपार घातल्या आणि आत-बाहेर दोन्हीकडून लोखंडी प्रॉप, म्हणजे तात्पुरते टेकू, लावले. प्रॉप फरशीवर नुसते उभे न करता खाली जाड फळ्या टाकल्या. खालची जमीन भरीव आहे हेही आधी पाहिलं, नाहीतर टेकूच खचायचा. तुळई चढल्यावर तिच्या आणि वरच्या विटांच्या मधली फट सिमेंट-वाळूचा कोरडा मसाला ठासून भरली. तो पुरता कडक होईपर्यंत प्रॉपला हात लावायचा नाही, असा बाईंचा हुकूम. गवंडी काकांना ही वाट बघणं अजिबात पटत नव्हतं.

खरी रंगत आली ती खोलीच्या समोरच्या तुळईवर. ताकदीच्या हिशेबात एक आटोपशीर सेक्शन आरामात पास झालं. वाक मात्र मान्य मर्यादेच्या काठावर, म्हणजे लांबीच्या 360 व्या भागाएवढा, 4 मीटरला 11 मिलिमीटर. डोळ्याला दिसणारही नाही. पण दरवाजेवाल्याने चौकटीच्या वर फट धरली होती फक्त 6 मिलिमीटर. काच चढली की तुळई दरवाजांवर बसणार आणि घडीचे दरवाजे घडीच घालणार नाहीत. काचेच्या खोलीत पडण्याची भीती सगळ्यांना असते, वाकण्याचं कुणाच्या मनातही येत नाही. आणि काम अडतं ते बहुतेक वाकण्यावरच.

सारख्या पसरलेल्या भाराखाली वाक लांबीच्या चौथ्या घातात वाढतो. म्हणजे मधोमध खांब दिला तर वाक निदान सोळा पटींनी कमी होणार. पण त्या मोकळ्या बाजूसाठीच तर हा सगळा खटाटोप होता. दुसरा उपाय तुळईची उंची वाढवण्याचा: आयताकृती छेदात उंची दुप्पट केली की ताठरपणा आठपट होतो. आय-सेक्शनचं गणित तंतोतंत तसं नसलं तरी दिशा तीच. आम्ही उंच सेक्शन घेतलं आणि छपराची कड थोडी जाड दिसते हे मान्य केलं.

दोन उतारांचं छप्पर मला फार आवडलं होतं. पण त्याचे पाय बाहेरच्या बाजूला ढकलले जातात आणि ते धरायला एकतर आडवी ताणकांब हवी, नाहीतर शिखरावर भक्कम तुळई. डोक्यावरच्या मोकळ्या काचेत आडवी कांब नको होती, म्हणून एकाच उताराचं छप्पर.

या छपराची वरची कड घराच्या भिंतीला बोल्ट करायची, हे सगळीकडे चालतं. पण मग छपराची एक बाजू जुन्या पायावर आणि दुसरी नव्या. जुनं घर जे खचायचं ते केव्हाच खचून बसलेलं असतं, नवा पाया अजून बसायचा असतो. त्यात आमची माती चिकणी, पाण्याने फुगणारी आणि सुकली की आक्रसणारी. शिवाय जवळच मोठं झाड. म्हणून भिंतीला खेटून स्वतंत्र पोलादी खांब उभे केले. घर आणि खोली यांच्यामध्ये उभा सांधा सोडून त्यात लवचीक सीलंट भरलं, वर पाणी अडवायला पत्र्याची फ्लॅशिंग. खर्च वाढला, पण माझ्या मते सगळ्यात शहाणा खर्च हाच.

पाया खणताना जुन्या पायाच्या खाली जायचं नाही ही अट होती, आणि चरही तुकड्यातुकड्याने, एक भरून झाल्यावर पुढचा. पायाचं काँक्रीट मला उगाच जास्त वाटत होतं. नंतर कळलं की ते खोली खचू नये एवढ्यासाठीच नव्हतं, वाऱ्याने ती उचलली जाऊ नये यासाठीही होतं. दरवाजे उघडे असताना वारा आत शिरला की छपराला खालून ढकलतो आणि त्याच वेळी वरून खेचतो. म्हणून खांबांच्या बेस प्लेट, म्हणजे बुडाच्या पोलादी पाट्या, अँकर बोल्टने त्या काँक्रीटच्या वजनाला जखडल्या. तोच जोड ताठ ठेवला की खांब आडव्या धक्क्यालाही टिकतात. काचेच्या बाजूंवर त्यासाठी भिस्त ठेवता येत नाही.

काच बसवतानाचा क्रमही बाईंनीच लिहून दिला: आधी छपराची सगळी काच, मग तुळईचा वाक मोजायचा, आणि दरवाजे शेवटी. वाक 4 मिलिमीटर भरला, हिशेबात आला होता जवळपास तेवढाच. दरवाजेवाला उरलेली फट फोमने गच्च भरायला निघाला होता, त्याला थांबवलं. तिथे दबणारी रबरी पट्टी घातली, म्हणजे छपरावर माणूस चढला किंवा वारा दाबला तरी तुळईला हलायला जागा राहते.