आत्याबाईच्या मिशा

संक्रांत आली की आमच्या दादाचं पानिपत सुरू होतं. पुढ्यात तिळगुळाचा डबा आणि तोंडी एकच वाक्य, "विश्वासरावांना ती गोळी लागली नसती तर..." मग भाऊ हत्तीवरून उतरले नसते, अंबारी रिकामी दिसली नसती, अब्दाली नाक मुठीत धरून परत गेला असता. डबा अर्धा होईपर्यंत अटकेपार झेंडे लागलेले असतात. वहिनी आतून विचारते, "आणि तुम्ही दूध आणलं असतंत तर?" पण पेशवाईत असल्या किरकोळ खात्यांकडे कोण बघतो!

त्यामुळे या माणसाने आपल्याच मुलीच्या पुस्तकाला नाक मुरडावं याची मला गंमत वाटली. दिवाळीच्या सुट्टीत तिने एक जाडजूड पुस्तक माझ्या हातात ठेवलं. स्कॉट वेस्टरफेल्डची 'लेव्हायथन', २००९ साली आलेली, किशोरांसाठी. पहिलं महायुद्ध आहे, पण आपण शिकलो ते नाही. दादाने मागचं कव्हर वाचलं आणि निकाल दिला, "आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, त्यातली गत." आत्या मीच समोर बसले होते. मी नकळत ओठावरून बोट फिरवलं.

या कादंबरीतल्या डार्विनने उत्क्रांतीवर न थांबता सजीवांचे धागेच उसवून पुन्हा विणायची विद्या शोधलेली आहे. म्हणून इंग्रजांकडे यंत्रांऐवजी प्राणी, आणि जर्मन-ऑस्ट्रियनांकडे पायांनी चालणारी लोखंडी धुडं. लेव्हायथन हे इंग्रजांचं हवाई जहाज, म्हणजे एक उडता देवमासा. त्याच्या पोटात सूक्ष्म जीव हायड्रोजन तयार करतात आणि त्यावर तो तरंगतो. (पोटातल्या वायूचा एवढा सदुपयोग आमच्या घरात कुणालाच जमलेला नाही.) निरोप न्यायला पाली आहेत, त्या पाठवणाऱ्याच्याच आवाजात बोलतात. आणि वटवाघळं! त्यांना खाण्यातून लोखंडी खिळे चारतात. वरून लाल झोत टाकला की ती दचकतात आणि पोटातलं सगळं शत्रूच्या डोक्यावर सोडून देतात. हे पान मी भाचीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती चौथ्यांदा ऐकत होती, तरी लोळून हसली.

जहाजावर डेरिन नावाची स्कॉटिश पोरगी आहे. हवाई दलात मुलींना घेत नाहीत, म्हणून केस कापून 'डिलन' झालेली. म्हणजे इथे आत्याबाईला मिशा नव्हत्याच, तरी सगळे काका म्हणत होते.

दुसरा नायक अ‍ॅलेक, मिसरूड फुटायच्या वयाचा ऑस्ट्रियन राजपुत्र. रात्री झोपायच्या वेळी पलंगावर खेळण्यातले सैनिक मांडून लढाया खेळणारा. त्याच रात्री त्याला उठवून बाहेर काढतात, आणि आईबाप गेल्याचं त्याला नंतर कळतं. ते आईबाप मात्र लेखकाने रचलेले नाहीत. साराजेव्होत मारला गेलेला ऑस्ट्रियाचा युवराज, आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी, ते हे. इथे मला पुस्तक मिटून खरा इतिहास उघडावा लागला. वाईट सवय, पण भाचीलाही तीच आहे. तिने लेखकाची शेवटची टीप आधी वाचलेली होती.

त्या दिवसाइतके जर-तर पानिपतातही नसतील. २८ जून १९१४. सकाळी गाडीवर फेकलेला बॉम्ब चुकला आणि मागच्या गाडीतले लोक जखमी झाले. त्यांना बघायला इस्पितळात जाऊ म्हणून आर्चड्यूकने रस्ता बदलायला लावला, पण ते ड्रायव्हरच्या कानावर गेलंच नाही. तो जुन्याच वळणावर वळला, ओरडा झाल्यावर थांबला, आणि दोन पावलांवर एकोणीस वर्षांचा गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता. एक निरोप ड्रायव्हरपर्यंत पोचता तर! बोलणारी एक पाल पुरली असती.

"सोफी, मरू नकोस, मुलांसाठी जग," असं गोळी लागलेला आर्चड्यूक गाडीत म्हणाल्याचं पायरीवर उभ्या असलेल्या सरदाराने नंतर सांगितलं. मुलांसाठी, अनेकवचनी. अ‍ॅलेक तर एकुलता एक.

खरी मुलं तीन होती. सोफी बारा वर्षांची, मॅक्स अकरा, अर्न्स्ट दहा. आई राजघराण्याच्या तोलाची नाही म्हणून या लग्नाच्या मुलांना गादी मिळणार नाही, अशी शपथ बापाकडून आधीच घेतलेली होती. ती तारीखही २८ जून, साल १९००. युद्धानंतर त्यांना त्यांच्या बोहेमियातल्या वाड्यातून हाकललं, आणि १९३८ मध्ये नाझींनी दोघा भावांना डाखाऊच्या छळछावणीत टाकलं. दोघेही जगले, एवढंच बरं.

मी हे भाचीला सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लेखकाने त्यांना घ्यायला हवं होतं. तिघं मावली असती की देवमाशात."

मला पटलं. तीन पोरांना घेऊन पळणारी कादंबरी लिहायला अवघड, हे मान्य. तरी एकटा राजपुत्र जरा सोयीचा वाटतो. पण त्या सोयीमुळेच मी त्या तिघांपर्यंत पोचले, तेव्हा लेखकावर फार रागावताही येईना. दादासारखी मोठी माणसं जर-तर खेळताना नकाशा पुढे घेतात. ही पुस्तकं खेळण्यातले सैनिक आवरणाऱ्या पोरापासून सुरू होतात. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत ती गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून नेली, तेव्हाही मी शेवटी कोण जिंकलं तेच बघितलं होतं. ज्याचा तो कान, त्याचं काय, हे मनात आलं नाही.

या संक्रांतीला डबा नेहमीप्रमाणे उघडला. "विश्वासरावांना ती गोळी..." दादाने सुरुवात केली.

"बाबा, ते किती वर्षांचे होते?"

"अं? अठरा-एकोणीस."

"म्हणजे आपल्या ओंकारदादाएवढे."

ओंकार माझा मुलगा. गेल्या जूनपासून हॉस्टेलवर असतो, आणि अजून ओला टॉवेल गादीवर टाकतो. दादाने हातातली वडी तोंडाजवळ नेली, परत खाली आणली, आणि म्हणाला, "पोचला का गं त्याच्याकडे तिळगूळ?"

नव्हता पोचला. डबा बंद करून मी कुरिअरचं पाकीट शोधायला उठले.