अंगठ्याची जागा

रविवार, १२ जानेवारी २०२५

गेल्या आठवड्यात आत्याचे वर्षश्राद्ध झाले. जेवणे उरकल्यावर बार्शीच्या घरातली तिची पत्र्याची ट्रंक एकदाची उघडली आणि साड्या, दोन शाली, शाळेने निवृत्तीच्या वेळी दिलेले घड्याळ असे सगळे ज्याच्या त्याच्या हाती गेले. माझ्या वाट्याला तिच्या अकरा वह्या आल्या, कारण त्या दुसऱ्या कोणाला नकोच होत्या. वह्यांच्या खाली शाईचे एक पॅड होते, अंगठा उठवायला वापरतात तसले, चपट्या डबीतले. झाकण गंजले होते आणि आतले निळे कापड वाळून पापडासारखे कडक झाले होते. "हे कशाला जपून ठेवलंय आत्यानं?" असे चुलतभावाने विचारले. मला ते ठाऊक होते, पण चारचौघांत सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती, म्हणून मी डबी मुकाट्याने पर्समध्ये टाकली. आज पुण्यात ती टेबलावर समोर ठेवून हे लिहीत आहे.

१९७६ साली आत्या अठ्ठावीस वर्षांची होती आणि बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती. आणीबाणीचे दिवस होते. कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट वरून खाली उतरत उतरत शाळेतल्या बाईंपर्यंत आले होते. प्रत्येकीने 'केसेस' आणायच्या, नाही आणल्या तर पगार अडकणार. खुद्द बार्शीत त्या वर्षीच्या जानेवारीत रस्त्यावरची माणसे उचलून नसबंदीसाठी नेली गेली होती आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही हे आज सहज सांगता येते, पण तेव्हा गावातल्या माणसाच्या लेखी तो झाल्यातच जमा होता. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतली एक आत्याने 'आणलेली' होती.

तो शेतमजूर होता, विशी-बाविशीचा, पदरात एकच मुलगी. शाळेतल्या बाई सांगतात म्हणजे भल्याचेच असणार, एवढ्या भरवशावर तो शिबिराला आला. टेबलाशी कागद आणि शाईचे पॅड घेऊन आत्याच बसली होती. त्याने विचारले, "बाई, कागदात काय हाय?" त्यावर आत्या म्हणाली, "सरकारी आहे. लाव अंगठा." त्याने लावला. पुढे सहा महिन्यांनी त्याची मुलगी तापाने गेली आणि दिवाळीनंतर ते जोडपे ऊसतोडीला निघून गेले ते परत गावात आले नाही. आत्याने दोन हंगाम कारखान्यांच्या तळांवर त्याचा शोध घेतला, पण तो सापडला नाही.

हे तिने मला १९९५ साली सांगितले, मी अकरावीत असताना, तुळजापूरहून एसटीने येताना. सांगताना ती खिडकीबाहेर बघत होती आणि गोष्ट संपल्यावर तिने लगेच, जणू विषय तोच आहे अशा सुरात, मला शेंगदाण्याची पुडी दिली. तोवर तिचे 'आरोग्यस्वातंत्र्य', म्हणजे उपचाराचा निर्णय ज्याच्या शरीराचा आहे त्यानेच घ्यावा हा आग्रह, घरात चेष्टेचा विषय होता. काका तिला 'सहीवाली बाई' म्हणत. सुट्टीच्या दिवशी आत्या कुणा आजारी बाईबरोबर सोलापूरला, कधी पुण्याला, दवाखान्यात जायची आणि शस्त्रक्रियेच्या आधीचा संमतीचा कागद त्या बाईला तिच्या बोलीत वाचून दाखवायची, मग विचारायची, "आता तू मला सांग, काय करणार आहेत तुझं?" बाईला नीट सांगता आले नाही, तर डॉक्टरांना पुन्हा समजावून सांगायची विनंती करायची. पुष्कळ डॉक्टर समजावून सांगत. काही तिला बाहेर काढत.

आत्या औषधांच्या विरोधात असेल असा लोकांचा समज व्हायचा आणि तो तिला फार लागायचा. तिच्या दंडावर देवी काढल्याचा रुपयाएवढा व्रण होता आणि तो ती कौतुकाने दाखवी. तिचा हट्ट एवढाच होता की शरीर ज्याचे आहे त्याला आधी विचारावे, त्याला कळेल असे विचारावे आणि त्याने नाही म्हटले तर ते ऐकून घ्यावे. याला तिने गांधीजींचा दाखला शोधून ठेवला होता. १९०९ साली डॉक्टर आणि इस्पितळे यांच्यावर सडकून टीका करणाऱ्या गांधीजींना येरवड्याच्या तुरुंगात आंत्रपुच्छाचा (अपेंडिक्सचा) दाह झाला, त्यांना ससून रुग्णालयात हलवले आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. त्याआधी उदारमतवादी नेते श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून शस्त्रक्रियेला संमती देणारे निवेदन लिहून घेतले गेले आणि गांधीजींनी त्यावर सही केली. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. कंदिलाचा भाग आम्हां मुलांना आवडायचा; आत्याला सहीचा आवडायचा. ती म्हणायची, "कैदी होता गं तो. कैद्यालाही विचारलं." आजची तारीख लिहिताना हे सगळे आठवले.

वह्यांमध्ये बहुतेक नोंदी कोरड्या आहेत. नोव्हेंबर १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतात असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला, त्याचे कात्रण आहे. डॉक्टरांसाठीच्या भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागितल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावी लागतात, हे तिने लाल शाईने लिहून खाली अर्जाचा मसुदा तयार केला आहे. तो मसुदा तिने किती जणांना उतरवून दिला असेल याची गणती नाही. जानेवारी २००८ च्या समीरा कोहली खटल्याला चार पाने दिली आहेत. त्या बाईंनी दुर्बिणीने तपासणी करण्यास संमती दिली होती. त्या भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोष काढले गेले. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे आणि सज्ञान रुग्ण काही वेळ बेशुद्ध आहे म्हणून आईची सही तिच्या सहीच्या जागी चालणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याखाली आत्याचे एकच वाक्य आहे : 'शुद्धीवर येईपर्यंत थांबायला काय झाले होते?'

सत्तरी ओलांडल्यावर ती बीडकडच्या ऊसतोड कामगार बायकांकडे जाऊ लागली. एका खाड्याला पाचशे रुपये कापणारा मुकादम, पाळीत सुट्टी नाही, पाण्याची सोय नाही, आणि अंगावरून जाते म्हणून दवाखान्यात गेले की 'पिशवी काढून टाका'. २०१९ साली शासनाच्या समितीने केलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. आत्याने तिच्यापुरत्या एकोणीस बायकांशी बोलून वहीत लिहिले आहे. प्रत्येकीपुढे वय, मुले, आणि 'कागद वाचून दाखवला का' असा रकाना आहे. त्या रकान्यात सतरा वेळा 'नाही' आहे. या बायकांकडे ती का जात होती, हे घरात मला एकटीलाच माहीत होते. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या जोडप्यांना ती एका माणसाचे नाव विचारत असे.

माझ्या पोटापाण्याचा धंदाही तिच्यामुळेच ठरला. मी औषधांच्या चाचण्यांसाठी लागणारी संमतीपत्रे मराठीत आणते. इंग्रजीत बावीस पानांचे असलेले पत्र मराठीत सव्वीस पानांचे होते आणि ते नैतिकता समितीपुढे, म्हणजे चाचणीत भाग घेणाऱ्यांचे हित जपणाऱ्या समितीपुढे, जाते. या समितीत एक तरी सदस्य वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा, सामान्य माणूस असावाच लागतो. माझ्या पहिल्या मसुद्यासाठी तो सामान्य माणूस आत्या होती. फोनवर मी वाचायची आणि ती अडवायची. कोणाला कोणता इलाज मिळेल हे नशिबावर सोडणारे 'यादृच्छिक वाटप' वाचले तेव्हा ती म्हणाली, "हे कुठलं गाव?" शेवटी तिथे 'नाणेफेक केल्याप्रमाणे ठरेल' असे लिहिले. 'आपण कोणत्याही टप्प्यावर सहभाग मागे घेऊ शकता' हे वाक्य तिला पटेना. तिने सांगितले, "नुसतं मधेच सोडून जाता येईल म्हण, आणि सोडून गेलात तरी नेहमीचा इलाज बंद होणार नाही, हे त्याच ओळीत म्हण. दुसऱ्या पानावर ढकलू नकोस." आजही ती दोन वाक्ये मी एका ओळीत ठेवते. मांडणी करणारा ती वेगळी करतो, मी पुन्हा जोडते.

सगळेच काही गोड नव्हते. २०११ साली माझ्या वडिलांना छातीत कळ येऊन दवाखान्यात नेले, तेव्हा आत्या तिथे होती. डॉक्टर तातडीने अँजिओप्लास्टी करायला निघाले असताना तिने कागद हातात धरून प्रश्न सुरू केले : दुसरा इलाज आहे का, जोखीम किती, उद्या केले तर काय. वीस मिनिटे गेली. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली असताना वीस मिनिटे म्हणजे काय, हे मला तोवर कामामुळे कळत होते. शेवटी मीच ओरडले आणि सही केली. वडील वाचले, पण मी आत्याशी जवळजवळ वर्षभर धड बोलले नाही. जीव वाचवायची घाई असते तिथे कायदादेखील संमतीसाठी अडून बसत नाही, हे तिला माहीत नव्हते असे नाही. काल रात्री सातव्या वहीत ती तारीख सापडली. खाली लिहिले आहे : 'चुकले. त्या वेळी प्रश्न त्याच्यासाठी नव्हते, माझ्यासाठी होते.' हे तिने मला तोंडाने कधी सांगितले नाही, आणि मीही तिला विचारले नाही.

करोनाच्या काळात आमचे दुसरे भांडण झाले. आत्याने लस मिळाली त्या पहिल्या आठवड्यात रांगेत उभे राहून घेतली, पण १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल दोन्ही मात्रा घेतलेल्यांनाच, हे कळल्यावर ती संतापली. मी तिला म्हटले की गच्च भरलेल्या डब्यात दुसऱ्याच्या श्वासाचाही प्रश्न असतो. ती म्हणाली, "मग समजावून सांगा. रोजगार बुडवून समजावणं मी १९७६ साली केलंय." याच सुमारास 'आरोग्यस्वातंत्र्य' हा शब्द लसीत विष आहे असे सांगणाऱ्यांनीही उचलला होता. त्यांनी तिला भाषणाला बोलावले. ती गेली आणि सदऱ्याची बाही वर करणाऱ्या शाळेतल्या पोरांसारखा आपला देवीचा व्रण दाखवून, हा रोग आता जगात नाही, एवढेच सांगून खाली बसली. पुन्हा बोलावणे आले नाही. २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोणावर लसीची सक्ती करता येणार नाही असे म्हटले, आणि सार्वजनिक आरोग्यासाठी शासन प्रमाणात बसतील असे निर्बंध घालू शकते असेही म्हटले. आम्ही दोघींनी तो निकाल आपापल्या बाजूने वाचला. माझे म्हणणे मी अजून सोडलेले नाही.

जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या इच्छापत्राची पद्धत सोपी केली आणि दोन साक्षीदार व नोटरी एवढ्यावर काम भागू लागले, तेव्हा आत्याने लगेच ते करून घेतले. कृत्रिम श्वास नको, नळ्या नकोत, निर्णय भाचीने घ्यावा. कागद तिने मला देऊन बजावले की भावंडांच्या रडण्याला बळी पडायचे नाही. वर्षाच्या आत, गेल्या जानेवारीत, न्यूमोनियाने ती दवाखान्यात होती आणि मी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खाटेशी उभी होते. डॉक्टरांनी तिला विचारले की तोंडावर मास्क लावून यंत्राने श्वासाला जोर देऊ का. मी कागद पुढे केला. आत्याने माझा हात बाजूला सारला आणि डॉक्टरांकडे बघून मान हलवली : हो. नंतर मास्क जरा सैल केला तेव्हा धापा टाकत मला म्हणाली, "मी शुद्धीत आहे तोवर मला विचार. कागदाला नको." ती त्यानंतर पाच दिवस होती. शेवटचे दीड दिवस शुद्ध नव्हती, आणि तेव्हा आम्ही कागदाला विचारले.

उद्या एक संमतीपत्र पाठवायचे आहे. शेवटच्या पानावर, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी, निःपक्षपाती साक्षीदाराच्या सहीची ओळ आहे आणि शेजारी अंगठ्याचा चौकोन आहे. मांडणी करणाऱ्याने तो एवढा लहान काढला आहे की पोराचाही अंगठा मावणार नाही. आता फोन केला तर रविवार असल्यामुळे तो चिडेल. सकाळी नऊला करीन.