तुम्ही विचारलंत म्हणून: गणिताच्या तासाला वारली चित्रकार

डहाणू-तलासरीकडचे शिक्षक एक प्रश्न हमखास विचारतात: "पाड्यावरच्या चित्रकाराला शाळेत बोलवायचंय, पण त्यात गणिताचे तास बुडतील. मग कसं जमवायचं?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. चित्रकाराला गणिताच्याच तासाला बोलवा. एक दिवसाची कार्यशाळा नको. एकच घटक धरून आठवड्याच्या अंतराने तीन तास घ्या. त्याआधी शिक्षक आणि चित्रकार यांनी तासभर एकत्र बसलंच पाहिजे. ही बैठक टाळली की चित्रकार फळ्याशी, मुलं नक्कल करण्यात आणि शिक्षक हजेरीपटात, असं होतं.

विरुद्ध कोनांचा, म्हणजे दोन रेषा छेदल्यावर समोरासमोर येणाऱ्या कोनांचा धडा घ्या. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. चित्रकाराने काढलेल्या माणसाच्या कंबरेशी वरचा आणि खालचा कोन मुलांना कोनमापकाने मोजू द्या. रेषा सरळ एकमेकींना छेदून गेल्या असतील तर दोन्ही कोन सारखे येतात. नाचणाऱ्या माणसाच्या रेषा कंबरेशी मोडतात, तिथे ते सारखे येतीलच असं नाही. का, हे मुलांनीच शोधायचं. माणूस वाकवायला नेमकं काय सरकवतात हे चित्रकाराचा हात दाखवतो, आणि ते पुस्तकातल्या आकृतीत दिसत नाही. पट्टी मात्र मोजतानाच द्या. पट्टीने काढलेली माणसं ताठरतात.

आता रंग. ३० मुलांना वाटीभर तांदूळ पुरतात. रात्रभर भिजवून गंधासारखे बारीक वाटा, फडक्यातून गाळा, चमचाभर भिजवलेला डिंक मिसळा. ताकापेक्षा जरा दाट हवं. डिंक विसरलात तर वाळल्यावर पांढरं पीठ झडतं. सगळ्यात जास्त बिघडतं ते घाईने: ओली रेघ फिकी दिसते, वाळल्यावरच पांढरी होते. मुलं फिकी म्हणून तीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवतात, थर जाड होतो आणि तडकतो. म्हणून पहिल्यांदा एकच रेघ ओढून पाच मिनिटं थांबायला लावा. उरलेलं वाटण उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतं, ठेवू नका. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोक दगडाने ठेचून तंतू मोकळे केलेली. तपकिरी कागदावर गेरूचा एकच पातळ हात द्या, कडा चिकटपट्टीने दाबा, नाहीतर कागद गुंडाळतो. ऑइलपेंटच्या भिंतीवर गेरू धरत नाही.

लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत कुणाला बोलावू नका. मानधन आधी ठरवून शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहा. "आपल्याच गावचे आहेत" म्हणून फुकट काम घेणं मला मान्य नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंतांना शाळेशी जोडण्याची तरतूद आहे, ठरावात तिचा उल्लेख करता येतो.

लग्नाच्या चौकाबद्दलही, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरच्या चौकोनी विधीचित्राबद्दलही विचारता. वारली लोक चौक 'लिहितात'. तो लग्नघरी सवाशिणी लिहितात, त्यात पालघाट देवी असते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुरोहित बाई, गाणी म्हणते. तो वर्गातल्या सरावासाठी घ्यायचा की नाही, हे पाड्यावरच्या जाणत्या बायकांना विचारा आणि त्या नाही म्हणाल्या तर विषय तिथेच सोडा. कोनांसाठी तारप्याचा (फुंकून वाजवायच्या वाद्याचा) नाच, झाडं आणि शेतातली माणसं पुरतात.