तालीम सुटली, खुराक नाही

मामा खोलीत आले तेव्हा फाईल उघडायची गरजच पडली नाही. दोन्ही कान मोडून गोळा झालेले, गडी तालमीतला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिसरी स्टेज. ऑपरेशन झालेलं, केमो संपून तीन महिने झालेले. मागे मामी आणि मुलगा.

“म्याडम, व्यायाम करणाऱ्याला कॅन्सर होत न्हाई म्हणत्यात. मी गंगावेशीत तालमीची माती अंगाला लावली. मग मला कसा झाला?”

फिजिओथेरपिस्टला हा प्रश्न टाळता येत नाही. म्हटलं, होतच नाही असं नाही, शक्यता कमी होते. 2016 साली 14 लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जास्त हालचाल करणाऱ्यांत 26 पैकी 13 प्रकारचे कॅन्सर कमी आढळले. आतड्याचाही त्यात होता. “पण तालीम सुटून किती वर्षं झाली?”

“तीस,” मामी म्हणाल्या. “तालीम सुटली, खुराक न्हाई सुटला.”

बैठं काम आणि सुटलेलं पोट यांनी रक्तातलं इन्सुलिन चढं राहतं, अंगात बारीक दाह धुमसत राहतो, त्यातून बिघडलेल्या पेशींना खतपाणी मिळतं. तरी मामांना त्यामुळेच झाला, असं कुणी सांगू शकत नाही. मामींच्या तुपावर खापर फोडायला मी तयार नव्हते.

मुलगा अभिमानानं म्हणाला, “आम्ही त्यांना पलंगावरून उतरूच देत नाही.” माझं निम्मं भांडण रोज याच वाक्याशी असतं. त्याला 2025 सालचा अभ्यास सांगितला. आतड्याच्या कॅन्सरचे 889 रुग्ण, केमो झालेले. निम्म्यांकडून तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम करून घेतला, बाकीच्यांना माहितीपुस्तिका दिली. आठ वर्षांनी व्यायामवाल्यांत शंभरात 90 हयात, दुसरीकडे 83. एवढा गुण गोळीचा असता तर घरच्यांनी घड्याळ लावून दिली असती.

मग कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटांची चालण्याची चाचणी. बोटाला ऑक्सिमीटर लावला. मामांनी आखाड्यात उतरावं तसा फरशीला हात लावून कपाळाला लावला आणि निघाले. परतीच्या फेरीत डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली; मामा तसेच चालत राहिले. त्यांना पत्ताच नाही. केमोनं तळवे बधिर झाले होते.

त्यामुळे चप्पल बंद, बूट सुरू. रंकाळ्यावर सपाट वाटेनं, कुणाला तरी सोबत घेऊन, बोलता येईल इतक्याच वेगानं, दहा मिनिटांपासून. जोर इतक्यात नाहीत, टाक्यांजवळ हर्नियाची भीती.

“बैठका तरी?”

“खुर्चीवरून उठबस. दहा.”

“दहा? आमी पाचशे मारायचो की वो!”

“सोबत कोण जाणार?” मी विचारलं. मुलगा म्हणाला, त्याला सकाळी उठवत नाही, दुकान उशिरा बंद होतं.

मामांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “म्याडम, ह्याचीबी चाचणी घ्या. ह्याचं पोट माझ्याम्होरं गेलंय.”

मी त्यालाही आठवड्याला दीडशे मिनिटं लिहून दिली.