सायनोटाइप वर्ग: निळा रंग कुठे जात होता ते सापडलं

मंडळी, तीन आठवडे छळणारा प्रश्न काल रात्री सुटला, म्हणून लगेच लिहायला बसले. सायनोटाइप म्हणजे लोहक्षाराचं द्रावण लावलेल्या कागदावर वस्तू मांडून, उन्हात ठेवून आणि मग पाण्यात धुऊन मिळणारा निळा ठसा. मागच्या नोंदीत सांगितलं होतं की शाळेनंतरच्या गटाचे १८ ठसे धुताना फिके पडले. त्यातला एक माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. एका मुलीने नेच्याचं पान मांडलं होतं, त्याची एकेक बारीक पाती बोटाने सरळ करत. उन्हातून आणला तेव्हा कागद छान राखाडी झाला होता. पाण्यात घातला आणि निळा रंग धुरासारखा निघू लागला. कागद दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, "ताई, माझं पान चाललं."

पहिला संशय उन्हावर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तेच सांगितलं आणि ते रास्त होतं; एक्सपोजर, म्हणजे कागदाला मिळालेलं ऊन, कमी पडलं की निळा पाण्याबरोबर जातोच. पुठ्ठा सरकवत ४, ८, १२, १६ आणि २० मिनिटं ऊन दिलेल्या पट्ट्यांची चाचणी (टेस्ट स्ट्रिप) काढली. २० मिनिटांची पट्टीसुद्धा फिकी! मग द्रावण नव्याने केलं. नेहमीचंच माप: १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड, आणि कोटिंगच्या वेळी, म्हणजे कागदावर लावताना, दोन्ही समसमान. फरक शून्य. पत्र्याच्या कड्याचा ब्रश बदलून फोमचा घेतला, तर कोटिंगमधले निळे ठिपके गेले, फिकेपणा मात्र तसाच. (फोमचा ब्रश आता कायमचा. धातूचा भाग द्रावणाला लागू द्यायचाच नाही.)

नंतर पाणी. प्रशियन ब्ल्यूला, म्हणजे ठशातल्या निळ्या रंगाला, अल्कली (आम्लाच्या उलट, सोड्यासारखा पदार्थ) सोसत नाही, हे आपल्याला माहीत आहेच. धुण्याच्या टबात चमचाभर व्हिनेगर घातलं. ठसा थोडा बरा आला, पण वाळता वाळता पुन्हा पिवळट. म्हणजे अल्कली पाण्यात नव्हती, कागदातच होती!

काल जुन्या पॅडच्या उरलेल्या कागदांपैकी एक आणि नव्या गठ्ठ्यातला एक शेजारी शेजारी ठेवले. एकाच बाटलीतलं कोटिंग, एकच ऊन, एकच टब. जुना गडद निळा, नवा धुऊन साफ. नव्या गठ्ठ्याचं वेष्टन कचऱ्यातून काढून वाचलं, तर बारीक अक्षरात 'ॲसिड-फ्री, बफर्ड'. कागद काळाबरोबर आम्ल होऊन पिवळा पडू नये म्हणून त्यात कॅल्शियम कार्बोनेट हा अल्कलीधर्मी पदार्थ घालतात, तोच हा बफर. जलरंगाला, अल्बमला तो उत्तम. आपल्या निळ्याचा तो वैरी. दुकानदाराने "यापेक्षा टिकाऊ कागद मिळणार नाही" म्हणून दिला आणि माझाही विश्वास बसला. 'ॲसिड-फ्री' वाचलं की पुढचा शब्दही वाचा, एवढं कळकळीने सांगते.

खात्रीसाठी एक कागद सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवला. बारीक बुडबुडे आले. साध्या पाण्यात खळबळून, वाळवून कोटिंग केलं, तर निळा टिकला. पण दर आठवड्याला ४० कागद असे धूत बसणं मला झेपणार नाही. त्यापेक्षा बफर नसलेला कागद, आधी लहान पॅड, आणि प्रत्येक नव्या गठ्ठ्यातला एक कागद मुलांच्या आधी माझ्या टबात.

आज संध्याकाळी जुन्या पॅडचे शेवटचे चार कागद गटात नेले. कोटिंग नेहमीप्रमाणे मी घरीच हातमोजे घालून केलेलं. मुलांच्या हाती फक्त वाळलेला कागद. पिसं, लेस, कंगवा आणि नेचा. धुऊन झाल्यावर ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचं एक झाकण ट्रेमधल्या पाण्यात ओतलं. फिकट निळा क्षणात गर्द झाला आणि सगळी डोकी ट्रेवर वाकली. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने ही पद्धत १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतींची अभ्यासक ॲना ॲटकिन्सने तिच्यावर समुद्रशैवालांच्या ठशांचं पुस्तक काढायला घेतलं, हे सांगितल्यावर एकाने विचारलं, "तिचा निळा गेला नाही?" नाही गेला. तिचे ठसे आजही संग्रहालयांत आहेत.

पुढच्या वेळी टी-शर्टवर छापायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिताच वेगळं सुचतंय. अल्कलीने निळा उडतो, तर तो मुद्दाम का उडवू नये? धुण्याच्या सोड्याचं अगदी पातळ द्रावण, बारीक ब्रश, आणि संपूर्ण निळ्या कागदावर फिकी रेघ काढत चित्र. सोडा डोळ्यांना झोंबतो, म्हणून चष्मे आणि हातमोजे हवेत, आणि एका वेळी चारच मुलं. टी-शर्ट थांबतील. आज रात्री वाया गेलेल्या टेस्ट स्ट्रिपवर रेघ किती वेळात फिकटते ते बघते. कोणी केलं असेल तर सोड्याचं प्रमाण कळवा.

नेच्यावाल्या मुलीचा नवा ठसा वाळत घातलाय. पानाच्या टोकाची सगळ्यात लहान पातीसुद्धा उमटली आहे.